सोळावा आकडा

भिंगरावांनी आयुष्यात एकदाच न हुंगता दूध प्यायलं, आणि त्या एकदाची ही गोष्ट आहे.

एरवी दूध समोर तापवलेलं असो, बायकोने अर्धा पेला पिऊन दाखवलेलं असो, पेला आधी नाकाशी जाणार आणि मग ओठाला. घराला कुलूप लावलं की तीनदा ओढून बघणार, जिना उतरून खाली पोचले की चौथ्यांदा वर. शेजाऱ्याने नवी खुर्ची घेतली तर जुनीला काय धाड भरली होती, हा प्रश्न त्यांना दोन दिवस पुरायचा. टपालवाला हसला तर का हसला, नाही हसला तर का नाही. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढचं ऐकून तुम्हाला तसं वाटेल.

नाव त्यांना संस्थेत पडलं. एका संशोधन संस्थेच्या चित्रविभागात ते एकतीस वर्षं होते. सुरुवातीला सूक्ष्मदर्शकातून काढलेले फोटो तपासायचं काम, म्हणून गळ्यात काळ्या दोरीला एक भिंग कायम लोंबकळत असायचं. पुढे फोटो गेले, फोटो धुवायची अंधारी खोली गेली, विभागातली पाच माणसं एकेक करून गेली आणि हे एकटे उरले. भिंग मात्र गळ्यातून गेलं नाही. कॉम्प्युटरच्या पडद्यालाही ते भिंग लावून बघायचे, आणि दारातून जाणारे येणारे तोंड फिरवून हसायचे.

आता काम होतं रेणूंच्या फिल्म करण्याचं. संशोधक एखाद्या प्रथिनाची फाइल आणून द्यायचे. फाइल म्हणजे काय, तर हजारो अणूंची यादी, कुठला अणू कुठे बसलाय त्याच्या मापासकट. भिंगराव त्यातून पडद्यावर गुंडाळलेल्या रिबिनीसारखा रेणू उभा करायचे, रंग द्यायचे आणि कॅमेरा लांबून हळूहळू आत न्यायचे. या आत नेण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. दुसऱ्यांचा झूम म्हणजे नुसती धाड, बघणाऱ्याला गरगरायचं. भिंगरावांचा कॅमेरा परक्या घरी पहिल्यांदा जाणाऱ्या पाहुण्यासारखा जायचा. दाराशी थांबायचा, डावीउजवीकडे बघायचा, मग एक पाऊल आत.

त्याची रीत सोपी होती. वाटेवर पाच-सात थांबे ठरवायचे. प्रत्येक थांब्यावर कॅमेरा नीट लावायचा आणि ते दृश्य जपून ठेवायचं. दोन थांब्यांमधली वाट प्रोग्रॅम स्वतः भरतो. एक दृश्य म्हणजे अठरा आकडे. पहिले पंधरा कॅमेरा किती वळलाय, कुठे उभा आहे, कशाभोवती फिरतो ते सांगतात. सोळावा आणि सतरावा सांगतात की चित्र कॅमेऱ्यापासून किती अंतरावर सुरू करायचं आणि किती अंतरावर संपवायचं. त्या दोन भिंतींच्या मधे जेवढं येईल तेवढंच दिसतं, अलीकडचं आणि पलीकडचं सरळ गायब. अठराव्याचं कोणालाच काही पडलेलं नसतं. हे सगळे आकडे कॉम्प्युटर जपून ठेवतोच, पण कॉम्प्युटरवर विश्वास ठेवतील तर ते भिंगराव कसले? ते प्रत्येक थांब्याचे अठराच्या अठरा आकडे तारीख-वेळ घालून वहीत उतरवायचे, वही खणात, खणाला कुलूप, आणि किल्ली भिंगाच्याच दोरीला.

समोरच्या प्रयोगशाळेत एक संशोधक बाई होती. सदतिशीची, बुटकी, कायम लगबगीत. टेबलाच्या खणात शेंगदाणे साठवून दिवसभर कुरतडत बसायची, म्हणून सगळे तिला खारूताई म्हणत. सहा वर्षं ती कंत्राटावर होती. दरवर्षी कागद नवा, टांगणीला लागलेला जीव तोच. आता कुठे एक कायमची जागा निघाली होती, आणि त्या जागेला वयाची अट अडतीसच्या आत. म्हणजे ही पहिली संधी आणि हीच शेवटची. शुक्रवारी अकरा वाजता मुलाखत होती. बाहेरून समिती येणार होती आणि खारूताई तिच्यापुढे आपल्या कामाची फिल्म दाखवणार होती. जागा मिळाली तर काम पुढे चालू, नाही मिळाली तर महिनाअखेर शेंगदाण्यांचा डबा उचलून घरी.

अख्ख्या संस्थेत भिंगरावांना काका म्हणणारी ती एकटीच. बाकीचे तोंडावर भिंगराव म्हणत आणि पाठीमागे नुसतं भिंग.

तिचं काम असं होतं. एका प्रथिनाला एक खोलगट खिसा होता. त्या खिशात औषध जाऊन बसलं की रोगाची खोड मोडते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण खिशावर एक झाकण होतं, आणि झाकण असताना औषध आत शिरणार कुठून? खारूताईचं म्हणणं, ते झाकण मधूनमधून आपोआप जरासं उचललं जातं आणि त्या फटीतून औषध आत जातं. एवढं एक सिद्ध करायला तिची सहा वर्षं गेली होती.

सोमवारी सकाळी ती फाइल घेऊन आली.

"काका, आधी सगळं लांबून दाखवा, मग सावकाश झाकणाशी या. फट नीट दिसली पाहिजे. घाई नको."

"मी कधी घाई केलीय?"

"नाही केलीत, म्हणून तर तुमच्याकडे आले. नाहीतर फिल्म मीच नसती केली?"

भिंगरावांनी त्या दिवशी सात थांबे लावले, आकडे वहीत उतरवले, वही कुलपात टाकली आणि मशीन कामाला लावलं. एकेक चित्र रंगवायला त्याला वेळ लागायचा. सगळी फिल्म तयार व्हायला बुधवार उजाडणार होता.

मंगळवारी दुपारी ते जेवून परत आले तर त्यांच्या खुर्चीत खारूताई. यांना बघून ती झटकन उठली.

"काही नाही काका, तुम्हालाच बघायला आले होते," ती म्हणाली, आणि हसत हसत निघून गेली.

मला बघायला आली होती तर खुर्चीत कशाला बसली? मी खुर्चीखाली लपलो होतो का? भिंगरावांनी खुर्चीच्या बैठकीला हात लावून पाहिला. चांगली गरम होती, म्हणजे बराच वेळ बसली असणार. त्यांच्या मनात पाल चुकचुकली, आणि यांच्या मनातली पाल एकदा चुकचुकली की सहजी गप्प बसत नसे.

मशीन रंगवत होतं तोवर बंद ठेवलेला पडदा बुधवारी सकाळी लावला तर त्यावरची सगळी अक्षरं मोठी झालेली. फाइलींची नावं, वरच्या पट्ट्या, सूचना, सगळं जवळजवळ दुप्पट. भिंगरावांनी यातल्या कशालाही हात लावला नव्हता. म्हणजे आपल्या मशीनमध्ये कोणीतरी हात घातलाय. कोणी, ते सांगायला ज्योतिषी नको होता.

मग त्यांनी फिल्म लावली. पहिला थांबा, दुसरा, तिसरा, सगळं ठीक. पाचव्याला झाकण समोर आलं. सहाव्याला ते किंचित उचललेलं, खाली फट, अगदी हवी तशी. आणि सहाव्याकडून सातव्याकडे जाताना झाकण विरत गेलं आणि दिसेनासंच झालं. सातव्या थांब्यावर खिसा सताड उघडा आणि औषध आत ऐसपैस बसलेलं. भिंगरावांनी फिल्म एकेक चित्र करून मागे नेली. दोनशे बाराव्या चित्रापासून झाकण कमी व्हायला लागत होतं. भिंग पडद्याला टेकवून बघितलं तर रिबिनीची टोकं कात्रीने कापावीत तशी सरळ तुटलेली.

'फट नीट दिसली पाहिजे.' आता त्यांना तिच्या बोलण्याचा अर्थ लागला. झाकणच काढून टाकल्यावर फटच फट. आणि तसं असेल तर तिचं संशोधन म्हणजे शुद्ध थाप, कारण सगळा प्रश्नच मुळी झाकणाचा होता.

फिल्मच्या मधेच एखादा भाग लपवायची सोय त्या प्रोग्रॅममध्ये असते. एक ओळ लिहिली की झालं, जेवणाच्या सुट्टीत सहज होण्यासारखं काम. भिंगरावांनी तासभर ती ओळ शोधली. सापडली नाही. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, ओळ नाही म्हणजे कोणी लिहिलीच नसेल. भिंगराव म्हणाले, लिहिली आणि पुसली, केवढी पोचलेली आहे बघा. या न्यायाने जगात कोणीच सुटत नाही, पण हे त्यांना सांगायला तिथे होतं कोण?

खारूताईचं टेबल त्यांच्या दारापासून आठ पावलांवर होतं. जाऊन विचारता आलं असतं, अगं पोरी, हे काय? ते दारापर्यंत गेलेही. ती पाठमोरी बसून काहीतरी लिहीत होती आणि एका हाताने शेंगदाणे तोंडात टाकत होती. विचारलं तर सावध होईल, असं मनाशी म्हणून ते मागे फिरले. आणखी एक गोष्ट होती, जी त्यांनी स्वतःशीही कबूल केली नाही, पण आपल्याला लपवायचं काही कारण नाही. महिनाभर संस्थेत कुजबुज होती की चित्रविभाग बंद होणार आणि ही खोली कायमच्या जागेवर येणाऱ्या माणसाला मिळणार.

घरी बायको जुने कपडे दुरुस्त करून द्यायची, कोणाची पँट आखूड कर, कोणाचा कोट सैल कर. भिंगरावांनी दूध हुंगलं, प्यायलं, आणि सगळी हकिगत सांगितली. बायकोने दातात धरलेली टाचणी काढली.

"रेनकोट बघितलात का?" ती म्हणाली.

हा त्या घरातला जुना टोमणा होता. नऊ वर्षांपूर्वी भिंगरावांचं मनगटी घड्याळ हरवलं. त्या दिवशी बायकोचा भाऊ घरी येऊन गेला होता. झालं, यांनी मनात खटला चालवला, निकाल दिला, आणि पुढच्या खेपेला मेव्हण्याच्या तोंडावर बोलून दाखवलं. पावसाळ्यात रेनकोट बाहेर काढला तर घड्याळ त्याच्या खिशात. मेव्हणा त्यानंतर दोन वर्षं घराची पायरी चढला नाही, आणि अजूनही आला की घड्याळ हातातून काढून सगळ्यांसमोर टेबलाच्या मधोमध ठेवतो. गमतीने ठेवतो म्हणतात. बायकोला त्याचं कधी हसू येत नाही.

"प्रत्येक गोष्टीत काय रेनकोट?" भिंगराव चिडले. "डोळ्यांनी बघितलंय मी. भिंग लावून बघितलंय."

"घड्याळाच्या वेळीही तुम्ही डोळ्यांनीच बघितलं होतं. तो कपाटाशी उभा होता म्हणून."

ते पाठ फिरवून झोपले.

गुरुवारी सकाळी ते संस्थेच्या मोठ्या साहेबांच्या खोलीत गेले. मोठे साहेब म्हणजे सावध माणूस, छत्रीसुद्धा कोणाला तरी विचारून उघडणारे. त्यांनी फिल्म दोनदा पाहिली, कपाळाला आठ्या घातल्या आणि कोरा कागद पुढे सरकवला.

"लेखी द्या."

भिंगरावांनी चार ओळी लिहिल्या. 'सदर चित्रफितीत फेरफार झाल्याचा संशय आहे' हे वाक्य त्यांना लिहिताना फार नेमकं वाटलं. खाली सही केली.

"उद्या अकरा वाजता समितीपुढे मूळ फाइल आणि फिल्म शेजारीशेजारी दाखवा," मोठे साहेब म्हणाले. "त्यात तथ्य निघालं तर मुलाखत होणार नाही. तुमचं नाव मी आपणहून कोणाला सांगणार नाही."

दुपारी चारच्या सुमाराला खारूताई दारात आली. आज तिच्या चालण्यात लगबग नव्हती.

"काका, बसू का?"

ती बसली. तिचा चेहरा उतरला होता.

"कोणीतरी माझ्याविरुद्ध लिहून दिलंय. मी फिल्ममध्ये काहीतरी लबाडी केली म्हणून. साहेब नाव सांगत नाहीत. सहा वर्षं मी कोणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही, काका. कोणाचं काय वाकडं केलं असेल मी?"

भिंगरावांनी टेबलावरचं पेन उचललं आणि परत ठेवलं.

"उद्या तुम्हालाच बोलावतील. फिल्म तुम्ही केलीय, तुम्ही सांगाल ना त्यांना? तुमच्या शब्दावर कोणी बोट ठेवणार नाही." ती उठली. जाता जाता पडद्याकडे बघून जरा हसली. "अक्षरं बरी दिसतात ना आता? तुम्ही सारखं भिंग लावून मान वाकडी करून बसता, मला बघवेना. मंगळवारी तुम्ही जेवायला गेलात तेव्हा मोठी करून ठेवली. म्हटलं, बघू या काकांच्या लक्षात येतं का."

"आलं," भिंगराव म्हणाले.

त्या संध्याकाळी बायकोने दुधाचा पेला पुढे ठेवला आणि भिंगरावांनी तो उचलून सरळ तोंडाला लावला. शिवणाचं मशीन थांबलं.

"काय झालं?" बायकोने विचारलं.

त्यांनी सांगितलं. अक्षरांचंही सांगितलं, कागदावरच्या सहीचंही. हातातल्या कोटाचं अस्तर बायकोने उलटं केलं, सुलटं केलं.

"त्या मुलीला विचारलंत?"

"नाही."

"रेनकोट बघितलात?"

या वेळी ते चिडले नाहीत. पण झाकण गेलंय हे तर खरं होतं. अक्षरं मोठी करून दिली म्हणून झाकण काढलं नाही, असं कुठे आहे? उलट अक्षरांचं निमित्त करून... नाही म्हटलं तरी पाल अजून चुकचुकत होती. फक्त आता तिचा आवाज त्यांना आवडत नव्हता.

शुक्रवारी साडेआठला ते संस्थेत पोचले तेव्हा झाडणारीही आली नव्हती. त्यांनी खण उघडला, वही काढली आणि सोमवारचं पान उलगडलं. वही म्हणजे त्यांचा रेनकोट. तिथे दुसऱ्या कोणाचा हात पोचणं शक्य नव्हतं.

एकेका थांब्यावर बोट ठेवत ते वाचत गेले. इतके दिवस आकडे उतरवले खरे, पण बघायचे ते पहिले पंधरा, कॅमेऱ्याचे. सोळावा-सतरावा उतरवायचा म्हणून उतरवायचा. आज त्यांनी पहिल्यांदा त्या दोघांची वजाबाकी केली. पहिला थांबा, अंतर ऐंशी. दुसरा, ऐंशी. तिसरा, चौथा, पाचवा, सहावा, ऐंशीच. सातव्या थांब्यावर बावीस. शेजारी त्यांच्याच अक्षरात सोमवारची तारीख आणि वेळ, साडेतीन. खारूताई खुर्चीत बसली ती मंगळवारी.

भिंगरावांनी मान वर केली. मॉनिटरच्या वर भिंतीला एक कागद चिकटवलेला होता. शिकायला येणाऱ्या मुलांसाठी वर्षापूर्वी त्यांनीच ठळक अक्षरात लिहिलेला: 'चाकाला हात लावू नये.'

गोष्ट अशी होती. चौदा वर्षं ते ज्या जुन्या प्रोग्रॅमवर काम करत होते, त्यात माऊसचं चाक फिरवलं की कॅमेरा जवळ जायचा. गेल्या वर्षी नवा प्रोग्रॅम आला. त्यात कॅमेरा जवळ न्यायचा तर माऊसचं उजवं बटण दाबून ओढावं लागतं. चाक फिरवलं की कॅमेरा जागचा हलत नाही, त्या दोन भिंती एकमेकींजवळ सरकतात आणि अलीकडचं-पलीकडचं कापलं जातं. पडद्यावर मात्र आपण आत शिरल्यासारखंच वाटतं. भिंगरावांना हे तोंडपाठ होतं. दुसऱ्यांच्या बोटांवर त्यांचं डोळ्यांत तेल घालून लक्ष असायचं. स्वतःच्या बोटाचा संशय मात्र त्यांना कधी आला नव्हता.

त्यांनी खारूताईची मूळ फाइल उघडली, कॅमेरा सातव्या थांब्यावर नेला आणि चाक उलटं फिरवलं. दोनदा टकटक झालं आणि झाकण पडद्यावर आलं. अख्खं, उचललेलं, खाली तीच फट. ते कुठेच गेलं नव्हतं. त्यांनी खुर्चीत पाठ टेकली आणि स्वतःला एक शिवी घातली, जी इथे लिहिण्यासारखी नाही.

अकरा वाजेपर्यंत त्यांनी मनाशी एक सोय लावून ठेवली. तांत्रिक चूक झाली, सुधारली, एवढंच सांगायचं. मोठे साहेब नाव सांगणार नाहीत म्हणालेच होते. कागद फाइलीत जाईल, फाइल कपाटात जाईल, आणि खारूताई उद्याही काका म्हणेल. यात खोटं काय आहे?

समितीत तिघं होते. मधे पिकल्या केसांच्या एक बाई, दोन्ही बाजूंना दोन गृहस्थ. एका कडेला मोठे साहेब, आणि भिंतीला लागून खुर्चीत खारूताई. तिने हातातला रुमाल गच्च धरला होता.

भिंगरावांनी सगळं दाखवलं. फिल्म, मूळ फाइल, वही, ऐंशी आणि बावीस. चाक फिरवून झाकण घालवलं, फिरवून परत आणलं. "फाइलीत काहीही फेरफार नाही. चूक माझ्या हाताची आहे. सोमवारी साडेतीनची," ते म्हणाले. खारूताईने डोळे मिटून श्वास सोडला. तिचा जीव भांड्यात पडलेला सगळ्यांना दिसला. तिने भिंगरावांकडे पाहिलं, आणि त्या पाहण्यात एवढी माया होती की त्यांना तिकडे बघवेना.

पिकल्या केसांच्या बाईंनी वही जवळ ओढून आकडे स्वतः तपासले.

"ठीक आहे," त्या म्हणाल्या. "पण मग ही तक्रार कोणी केली? ज्याने केली त्याला एवढी साधी गोष्ट तपासता आली नाही?"

मोठे साहेब हातातल्या कागदाकडे बघत राहिले. भिंगरावांना काहीच करायचं नव्हतं, फक्त गप्प उभं राहायचं होतं. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांच्या गप्प राहण्याचे अर्थ लावले होते. आता आपल्या गप्प राहण्याचा अर्थ काय होतो, हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती.

"मी," ते म्हणाले.

खारूताईची मुलाखत त्याच दिवशी झाली आणि जागा तिला मिळाली. संध्याकाळी प्रयोगशाळेतून हसण्याबोलण्याचा आवाज येत होता. भिंगराव आठ पावलं चालून दारापर्यंत गेले. आत सगळे तिच्याभोवती उभे होते. ती यांना बघून हसायची थांबली, आणि तिच्याबरोबर बाकीचेही थांबले. अभिनंदन म्हणून ते परत आले. घरी बायकोला त्यांनी सांगितलं, जागा मिळाली तिला. बायको म्हणाली, चांगलं झालं, आणि दुधाचा पेला पुढे ठेवला. त्यांनी सवयीने तो नाकाशी नेला, मग शरमून खाली ठेवला, मग परत उचलला.

चित्रविभाग काही बंद झाला नाही. ती नुसतीच कुजबुज होती.

तीन आठवड्यांनी दारातून आवाज आला, "येऊ का, साहेब?" भिंगरावांनी दाराकडे न बघता मागे वळून पाहिलं, मोठे साहेब कधी आत आले म्हणून. खोलीत दुसरं कोणी नव्हतं. दारात खारूताई उभी होती, हातात नवी फाइल.

तिने एक खुर्ची ओढली आणि त्यांच्या मागे, उजव्या खांद्याशी बसली. पूर्वी ती कधी अशी बसली नव्हती. फाइल द्यायची, दोन वाक्यं बोलायची आणि पळायची.

"प्रत्येक थांब्याचे अठरा आकडे मला वाचून दाखवाल? मीही लिहून घेते," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं वाटलं असतं त्यांना.

"दाखवतो."

तिने कोरी वही उघडली आणि वर तारीख घातली, वेळ घातली. पडद्यावरची अक्षरं अजून मोठीच होती, ती दोघांपैकी कोणीही लहान केली नव्हती. भिंगरावांनी रेणू उभा केला, रंग दिले, पहिला थांबा लावला, आकडे वाचले. मागे पेनाचा आवाज झाला आणि थांबला. दुसरा थांबा लावायला त्यांनी माऊस धरला. तिची नजर पडद्यावर नव्हती. ती त्यांच्या हाताकडे बघत होती, ते दुधाच्या पेल्याकडे बघायचे तशी.

"साहेब, चाकावरचं बोट काढा."

"चिकटपट्टी लावलीय त्याला," भिंगराव म्हणाले. "फिरतच नाही ते आता."

"बघितली मी. तरी काढा."

त्यांनी बोट काढलं.